ईस्टर चंद्रावरच राहू द्या, तारीख फिक्स करू नका

फेब्रुवारी उजाडला की ऑफिसात, सोसायटीत, ट्रेनमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचा ईस्टर यंदा कधी आहे?" आणि सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, "दर वर्षी वेगळा का? ख्रिसमससारखी एकच तारीख का नाही ठरवून टाकत?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हाच प्रश्न आता चर्चच्या आतूनही यायला लागलाय, मोठमोठ्या पदांवरची माणसं एप्रिलचा अमुक एक रविवार कायमचा ठरवायला आपली हरकत नाही असं म्हणायला लागलीत, आणि आमच्या वसईतल्या, नगरच्या, मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती लोकांमध्ये यावर कुणी काही बोलताना दिसत नाही. म्हणून मी माझं मत मांडतोय. ईस्टर म्हणजे येशू मरणातून उठला त्याचा सण, त्याची तारीख फिक्स करू नये. सगळ्या पंथांचा ईस्टर एकाच दिवशी यावा हे मला मनापासून हवंय, पण तो चंद्र सोडून नको.

ही मागणी तशी जुनी आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १९२८ सालीच कायदा करून ठेवला होता, एप्रिलमधल्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार तो ईस्टर, पण तो कायदा कधी अमलात आलाच नाही, कारण चर्चेसची संमती लागणार होती आणि ती मिळाली नाही. मग १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरच्या दस्तऐवजाला एक परिशिष्ट जोडलं, त्यात म्हटलं की बाकीचे ख्रिस्ती बांधव तयार असतील तर ईस्टर ठराविक रविवारी आणायला आमचा विरोध नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीच तयारी पुन्हा बोलून दाखवली, २०१६ च्या जानेवारीत अँग्लिकन चर्चचे तेव्हाचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी एप्रिलचा दुसरा किंवा तिसरा रविवार असं थेट सांगितलं. आणि २०२५ मध्ये, ईस्टर सगळ्यांनी एकाच दिवशी करावा असं ठरवणाऱ्या नायसिया परिषदेला १७०० वर्षं झाली त्या निमित्ताने हा विषय परत वर आला. म्हणजे हे काही हवेतलं बोलणं नाही, उद्या खरंच ठरू शकतं.

आता ईस्टरची तारीख निघते कशी ते आधी सांगतो, कारण आपल्यातल्याही बऱ्याच जणांना ते माहीत नसतं, चर्चमधून मिळालेल्या कॅलेंडरवर छापलंय म्हणून आपण पाळतो. नियम असा की २१ मार्च हा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवस धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल ती घ्यायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर फाल्गुनी पौर्णिमा किंवा चैत्री पौर्णिमा, यापैकी एकीच्या पाठोपाठचा रविवार. २०२४ मध्ये २५ मार्चला रंग खेळून झाले आणि त्याच शुक्रवारी, २९ तारखेला, ईस्टरच्या आधीचा गुड फ्रायडे होता. २०१९ मध्ये १९ एप्रिलला हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिल, गुड फ्रायडे ७ एप्रिल, आणि २०२६ ला २ एप्रिल नि ३ एप्रिल. लोक याला योगायोग म्हणतात पण यात योगायोग काहीच नाही, दोघांनी एकाच पौर्णिमेला धरलंय म्हणून ते शेजारी शेजारी येतात.

मागे मोजत गेलात तर आणखी मजा आहे. ईस्टरच्या आधी ४६ दिवस राखेचा बुधवार, तिथून आमचा उपवासकाळ सुरू होतो, मधले सहा रविवार वजा केले की उपवासाचे ४० दिवस. पौर्णिमेनंतरच्या रविवारपासून ४६ दिवस मागे गेलं की आपण बरोबर अमावास्येच्या आसपास किंवा फार तर त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत येऊन पोचतो. म्हणूनच कितीतरी वर्षी महाशिवरात्र आणि राखेचा बुधवार एकमेकांना चिकटून येतात, २०१५ मध्ये १७ आणि १८ फेब्रुवारी, २०२६ मध्ये १५ आणि १८ फेब्रुवारी. आणि त्या २०२६ मध्येच राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा होता, कारण त्यांचा महिनाही चंद्रकोर दिसली की सुरू होतो. एका आठवड्यात तीन धर्मांची माणसं उपाशी, आणि तिघांनी बघितलेला चंद्र एकच! ईस्टर एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ठोकून बसवला की हे सगळं संपलं. मग महाशिवरात्र, होळी, रमजान, हनुमान जयंती आपल्या वाटेने फिरत राहणार आणि आपण एकटे एका चौकोनात बसून राहणार.

पण शेजाऱ्यांशी जुळतं हे माझं मुख्य कारण नाही. मुख्य कारण ईस्टरच्या गाभ्यातलं आहे. ख्रिस्ताला क्रूसावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळी, आणि वल्हांडण येतो निसान महिन्याच्या चौदाव्या-पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला. इजिप्तच्या गुलामीतून माणसं रातोरात बाहेर पडली त्या रात्रीची ती आठवण. शेवटचं भोजन झालं, येशू गेथसेमनीच्या बागेत गेला, शिष्य झोपले, शिपाई दिवट्या घेऊन आले, ही सगळी रात्र भरल्या चांदण्यातली आहे. ख्रिसमसचं तसं नाही. येशूचा जन्म नक्की कुठल्या दिवशी झाला हे शुभवर्तमानात दिलेलं नाही, २५ डिसेंबर ही चर्चने नंतर ठरवलेली तारीख आहे, त्यामुळे ती फिक्स असली तरी काही बिघडत नाही. ईस्टरला मात्र ग्रंथातच काळ-वेळ दिलेली आहे आणि ती आकाशात बघून सांगता येते. ख्रिसमससारखं करा म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

आणि हा फरक नुसता अभ्यासकांच्या कामाचा नाही, तो आपण दर वर्षी अंगावर घेतो. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना होते, फादर बारा जणांचे पाय धुतात, ग्लोरिया या स्तोत्राला घंटा वाजते आणि मग थेट शनिवारी रात्रीपर्यंत घंटा मुकी, तिच्याजागी लाकडाची खटखट. वेदीवरचं कापडसुद्धा काढून घेतात. मग रात्रीची आराधना, एकेका आळीचा तास ठरलेला, लोक येताहेत, गुडघे टेकताहेत, जाताहेत. त्या रात्री चर्चमधून बाहेर पडलं की वर चंद्र असतोच, मोठा. नियमच असा आहे की पवित्र गुरुवारी चंद्र साधारण शुद्ध त्रयोदशीपासून वद्य चतुर्थीपर्यंतचा असणार, बारीक कोर किंवा अमावास्या कधीच येणार नाही. माझी आजी घरी चालत येताना वर बघून म्हणायची, "ह्याच उजेडात त्याला धरून नेलं." तिला वसंतसंपात वगैरे काही ठाऊक नव्हतं, पण चर्चने बांधून दिलेल्या वेळेमुळे तिला ते दिसत होतं. आता एप्रिलचा दुसरा रविवार कायम केला असता तर २०२४ मध्ये काय झालं असतं बघा. ईस्टर १४ एप्रिलला, पवित्र गुरुवार ११ एप्रिलला, आणि गुढीपाडवा होता ९ तारखेला. म्हणजे बारीकशी कोर, तीही आराधना संपायच्या आधीच मावळलेली, आणि लोक काळोखात घरी गेले असते. उपासना वैध असतीच, कृपाही मिळालीच असती, ते मी नाकारत नाही. पण आकाश आणि प्रार्थना यांचा धागा तुटला असता आणि पुढच्या पिढीला तो तुटलाय हेही कळलं नसतं.

कुणी म्हणेल, ईस्टर हा वसंताचा सण, वसंतात आला म्हणजे झालं, चंद्र हवाच कशाला. मला हे पटत नाही कारण वसंत सगळीकडे सारखा नाहीच. बर्फ वितळून फुलं येतात तो युरोपातला वसंत, त्याच्यातून रंगवलेली अंडी आली, ससे आले, लिली आली, आणि त्यांना ते शोभतंही. ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये ईस्टरच्या वेळी शरद ऋतू चालू असतो. आणि आपल्याकडे? वसईत पवित्र सप्ताह येतो तेव्हा ऊन तापलेलं असतं, विहिरी खाली गेलेल्या असतात, पांगाऱ्याला लाल फुलं लागून गेलेली असतात, झाडाला कैऱ्या लटकत असतात, आणि गुड फ्रायडेला दुपारी उपाशीपोटी 'क्रूसाची वाट' ही प्रार्थना करताना डोकं भणभणतं. इथे मॉलमधला चॉकलेटचा ससा आणून ठेवला तर त्याचा आपल्या ऋतूशी संबंध काय? ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मात्र आपल्याला काही बाहेरून आणावं लागत नाही, झावळी आपल्याच वाडीतली, आणि त्याच सुकलेल्या झावळ्या पुढच्या वर्षी जाळून त्यांची राख कपाळाला लागते. ऋतू देशागणिक बदलतो, चंद्र बदलत नाही. सिडनीला, रोमला आणि आमच्या वसईजवळच्या नंदाखालला त्या गुरुवारी तोच चंद्र दिसतो.

हे समजायला आपल्याइतकं सोपं दुसऱ्या कुणाला नसेल. पाचूबंदरचा, उत्तनचा ख्रिस्ती कोळी आजही तिथीवर जगतो, पुनवेचं नि अवसेचं उधाण, अष्टमीचा भांग म्हणजे कमी भरती, होडी कधी काढायची ते त्याला चंद्र सांगतो. भिंतीवर कालनिर्णय आणि चर्चचं कॅलेंडर शेजारी शेजारी असतात. तरी आपल्यातल्या काही जणांना तिथी म्हटलं की अवघडल्यासारखं होतं, हे 'त्यांचं' आहे, आपण कशाला त्यात पडायचं, असं वाटतं. अहो, तिथी म्हणजे चंद्राचा हिशोब, तो कुणा एका धर्माच्या मालकीचा कसा असेल? आपल्या धर्मातला सगळ्यात मोठा सणच त्या हिशोबावर उभा आहे. गोव्यात चांदरच्या ख्रिस्ती गावकऱ्यांचा मुसळ खेळ बघा, इंत्रुजच्या दिवसांत होतो, आणि इंत्रुज म्हणजे उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीचे दिवस, म्हणजे तोही ईस्टरच्या मागे मागे चंद्रावरच फिरतो. एक ईस्टर बांधलात तर ही सगळी साखळी बांधली जाते, इंत्रुज, राखेचा बुधवार, मग ईस्टरनंतरचं स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवसाचा पेंटेकॉस्ट, सगळंच.

आता सोयीचा मुद्दा. शाळांच्या परीक्षा, सुट्ट्यांचं प्लॅनिंग, बिझनेस, टूर्स. युरोपात असेल तिथे हा मोठा प्रश्न, शाळांची वसंताची सुट्टी ईस्टरला जोडलेली असते. पण भारतात हा मुद्दा कुणी काढला की मला खरंच नवल वाटतं. आपल्याकडे पाडवा फिरतो, रामनवमी फिरते, महावीर जयंती फिरते, गणपती फिरतात, दिवाळी फिरते, ईद तर चंद्र दिसल्यावर ठरते, आणि सरकार दर वर्षी नवी यादी काढतं, बँका, शेअर बाजार, शाळा सगळे त्याप्रमाणे चालतात. मग एका ईस्टरनेच कुणाचं काय अडणार आहे? उलट ईस्टर कधी येणार हे शेकडो वर्षं आधी गणित करून सांगता येतं, २०५० चा ईस्टर १० एप्रिलला आहे, आत्ताच लिहून ठेवा.

आपली अडचण तारीख हलते ही नाहीच, आपली अडचण ती ठाऊक असूनही लक्षात घेतली जात नाही ही आहे. २०२४ मध्ये मणिपूरमध्ये आर्थिक वर्षअखेरचं कारण देऊन ३० आणि ३१ मार्च, म्हणजे ईस्टरचा आदला दिवस आणि ईस्टरचा रविवार, सरकारी कार्यालयांसाठी कामाचे दिवस जाहीर केले होते, विरोध झाल्यावर रविवारचा निर्णय मागे घेतला. २०१९ मध्ये तामिळनाडूत लोकसभेचं मतदान १८ एप्रिलला, ऐन पवित्र गुरुवारी ठेवलं, तिथल्या बिशप मंडळींनी कोर्टात जाऊनही ते बदललं नाही. त्याच वर्षी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने गुड फ्रायडेची सुट्टी सक्तीच्या यादीतून काढली आणि मुंबई हायकोर्टाच्या आदेशानंतर ती परत मिळाली. यातलं काहीही तारीख फिक्स नसल्यामुळे झालेलं नाही. दुसरा रविवार ठरवला असता तरी ज्यांना बघायचं नाही त्यांनी बघितलं नसतंच. हक्काची गोष्ट हक्काने मागावी लागते, त्यासाठी सण वाकवायचा नसतो.

आणि इतिहासही विसरू नका. आज अख्खं जग जे कॅलेंडर वापरतं ते १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दुरुस्त केलं, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला, मधले दहा दिवस गाळले. कशासाठी? जुन्या ज्युलियन गणितातल्या चुकीमुळे वसंतसंपात मागे सरकला होता आणि त्यामुळे ईस्टर चुकत होता म्हणून. म्हणजे ईस्टर आकाशाशी जुळावा म्हणून त्या लोकांनी कॅलेंडर बदललं, आणि आपण कॅलेंडरची सोय व्हावी म्हणून ईस्टर आकाशापासून तोडायला निघालोय.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा, तो म्हणजे ऐक्य. हा मुद्दा मला मनापासून पटतो. पूर्वेकडच्या परंपरेतली बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस अजून ज्युलियन कॅलेंडरवरून ईस्टर काढतात, ते सध्या आपल्यापेक्षा १३ दिवस मागे आहे, शिवाय पौर्णिमेचं कोष्टकही जुनं. त्यामुळे २०२४ मध्ये आपला ईस्टर ३१ मार्चला आणि त्यांचा ५ मे ला. आपल्याकडे हे जाणवत नाही, केरळातले मलंकारा ऑर्थोडॉक्ससुद्धा आपल्याच तारखेला ईस्टर करतात. पण पश्चिम आशियात, जिथे ख्रिस्ती मूठभर उरलेत, तिथे एकाच घरात नवरा ऑर्थोडॉक्स नि बायको कॅथलिक असते, एकाचा उपवास चालू आणि दुसऱ्याचा ईस्टर झालेला. जॉर्डनमधल्या कॅथलिकांनी यावर काय केलं? ते सरळ ऑर्थोडॉक्सांच्या तारखेला ईस्टर करतात. मोठ्या मनाचं काम आहे हे. नायसियाला ३२५ साली जमलेल्या बिशपांनी हेच तर ठरवलं होतं, की सगळ्यांनी एकाच दिवशी ईस्टर साजरा करावा.

पण एक दिवस म्हणजे फिक्स रविवार असं कुठंय? १९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पो इथे जागतिक चर्च परिषदेने बैठक घेतली होती, तिथे अतिशय साधी सूचना निघाली. नियम नायसियाचाच ठेवा, संपात, मग पौर्णिमा, मग रविवार, फक्त जुनी कोष्टकं बाजूला ठेवून खरा संपात आणि खरी पौर्णिमा आजच्या खगोलशास्त्राने काढा, आणि मोजताना यरुशलेमचं रेखावृत्त धरा, कारण घटना तिथे घडली. यात पूर्वेला वाकावं लागतं, आपल्यालाही वाकावं लागतं, कारण आपली पौर्णिमासुद्धा कोष्टकातली आहे, ती कधीकधी खऱ्या पौर्णिमेशी जुळत नाही. २०१९ चंच बघा. खरा संपात २० मार्चला झाला, त्यानंतर काही तासांतच खरी पौर्णिमा, होळीची. त्या हिशोबाने ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. पण चर्चच्या गणितात संपात २१ मार्चला बांधलेला आणि कोष्टकातली पौर्णिमा २० ची, म्हणून ती पौर्णिमा धरलीच गेली नाही, आणि ईस्टर महिनाभर पुढे, २१ एप्रिलला गेला. असं क्वचित होतं. ते दुरुस्त करायला आपलं काही जात नाही, उलट नियम जास्त खरा होतो. पंचांग दुरुस्त करायचा वाद महाराष्ट्राला नवा नाही, टिळकांनीही दृक्-गणिताचा, म्हणजे आकाशात दिसेल त्याच्याशी जुळणाऱ्या गणिताचा आग्रह धरला होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे लगेच कळेल.

अलेप्पोची सूचना आजही पडून आहे. शहराचंच पुढे युद्धात काय झालं ते आपण बघितलं. फिक्स रविवाराची कल्पना तिच्यापेक्षा सोपी म्हणून पुढे येतेय, पण ती दोघांनाही आपल्या मुळापासून सोडवते. ऑर्थोडॉक्स चर्चेस नायसियाचा वारसा किती घट्ट धरून आहेत हे बघता मला नाही वाटत ते फिक्स रविवार सहज मान्य करतील, आणि त्यांनी केला नाही नि पश्चिमेने एकतर्फी केला तर आज काही वर्षी तरी जुळणारे ईस्टर तेवढेही जुळायचे नाहीत.

म्हणून माझं आपल्या धर्मप्रांतांना, सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांना, सगळ्यांनाच म्हणणं आहे की हा विषय रोमवर आणि जिनिव्हातल्या जागतिक चर्च परिषदेवर सोडून मोकळे होऊ नका. उपवासकाळात प्रवचनं होतात, व्याख्यानं होतात, त्यातलं एक यावर ठेवा. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ईस्टर कसा काढतात ते शिकवा, एक पंचांग आणि एक पेन्सिल पुरते, आठवीतलं पोरसुद्धा पुढच्या दहा वर्षांचे ईस्टर अंदाजाने सांगेल. आणि वरून विचारणा झाली की मराठी चर्चचं उत्तर लेखी जाऊ द्या, एक तारीख हवी, पौर्णिमेनंतरची हवी, अलेप्पोच्या पद्धतीने हवी.

२०२८ मध्ये पूर्वेचा आणि पश्चिमेचा ईस्टर पुन्हा एकाच दिवशी येतोय, १६ एप्रिलला. म्हणजे गुड फ्रायडे १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, २०१७ ला आला होता तसाच. नगरच्या आणि मराठवाड्याच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत हे दोन्ही दिवस आपलेच आहेत, सकाळी बाबासाहेबांना हार घालून दुपारी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला बसणारी माणसं तिथे भेटतील. त्या वर्षी जगभर एकत्र ईस्टर होणार असल्याने तारखेची चर्चा पुन्हा जोरात होणार हे नक्की, तोपर्यंत आपलं म्हणणं तयार असायला हवं.